नवं आणून देता, तसं जुनं घेऊन जा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या सर्व कंपन्यांच्या कारभाऱ्यांना,

स. न. वि. वि.

गेल्या आठ वर्षांत तुमची माणसं माझ्या दाराशी किती वेळा आली, याचा हिशेब माझ्यापेक्षा तुमच्याकडे चोख आहे. परवा मी माझ्या खात्यातली ऑर्डरींची यादी पहिल्यांदाच अगदी तळापर्यंत नेली आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू तेवढ्या वहीत उतरवून काढल्या. ३१ भरल्या. मग वही हातात घेऊन घरभर फिरलो. १२ चालू सापडल्या. पाच कुणाकुणाला दिल्या होत्या किंवा हरवल्या होत्या. उरलेल्या १४ मेलेल्या, आणि सगळ्या घरातच. दोन फोन, एक टॅब्लेट, इअरबड्सच्या चार जोड्या, राउटर, ट्रिमर, पॉवर बँक, स्मार्ट वॉच, दोन चार्जर आणि पाण्यात पडलेला एक ब्लूटूथ स्पीकर. केबलींचा गुंता मोजलाच नाही.

मी यातलं काही कचऱ्यात फेकलं नाही, याबद्दल माझी पाठ थोपटू नका. कुठे द्यायचं ते कळलं नाही म्हणून सगळं खणात पडून राहिलं, एवढंच. आणि असा खण प्रत्येक घरात असतो.

एकदा प्रयत्न केला होता. नवा फोन मागवताना जुना बदल्यात द्यायची सोय दिसली. प्रश्नावली उघडली. फोन चालू होतो का? स्क्रीनला तडा आहे का? कॅमेरा चालतो का? पहिल्याच प्रश्नाला मी खरं ते उत्तर दिलं, ‘नाही’. तिथेच बोलणं संपलं. ‘हे उपकरण बदलीसाठी पात्र नाही.’ बरं, पैसे नका देऊ, पण नेता तरी का, असं विचारायला बटणच नव्हतं. नवा फोन घेऊन आलेल्या मुलालाच मग विचारलं. त्याने हातातल्या यंत्रावर दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, “काका, यात तसा ऑप्शनच येत नाही. मी नेला तर माझ्याच नावावर अडकेल.” त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी तुमच्यातल्याच एकाकडून मागवलेले बूट परत केले. अर्ध्या नंबराने लहान होत होते. फोनवर चार टिचक्या मारल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस हजर. त्याने बूट उलटेपालटे करून पाहिले, पिशवीत घातले, पिशवीवर कोड चिकटवला, तो स्कॅन केला आणि जिना उतरायच्या आत माझ्या फोनवर ‘परत मिळाले’ असा निरोप आला. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

या पत्रात मला सांगायचं आहे ते या दोन प्रसंगांच्या मधोमध आहे. घरातून वस्तू उचलून ती उलट दिशेने तुमच्या गोदामापर्यंत नेणारा रस्ता तुम्ही केव्हाच बांधलेला आहे. त्यावर माणसं आहेत, गाड्या आहेत, कोड आहेत, प्रत्येक टप्प्याची नोंद आहे. न आवडलेल्या आणि न बसलेल्या वस्तूंसाठी तो रात्रंदिवस चालू असतो. बंद पडलेल्या वस्तूंना मात्र त्यावर बंदी आहे. ज्या जुन्या फोनला अजून गिऱ्हाईक मिळेल तो तुम्ही आनंदाने नेता. ज्याला मिळणार नाही तो आमच्याकडे. म्हणजे मलई तुमची आणि खरवड आमची.

हे नुसतं माझ्या खणाचं रडगाणं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि युनिटार या संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी २०२४ साली ई-कचऱ्याचा जागतिक अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. असंच चालू राहिलं तर २०३० साली ढीग ८ कोटी २० लाख टनांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. कोटींतले आकडे वाचून आपण पान उलटतो, मीही उलटलं असतं. पण त्याच अहवालात लहान वस्तूंचा हिशेब वेगळा मांडला आहे. एकूण ढिगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लहान उपकरणांचा, आणि त्यांच्या रीतसर गोळा होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास. कारण उघड आहे. फ्रिज बंद पडला की त्याची सोय लावावीच लागते, तो खणात मावत नाही. इअरबड्स मावतात. आणि खोक्यात घालून, गाडीवर टाकून, घरोघर पोचवायला सगळ्यात सोपी वस्तूही तीच.

त्या खणात आहे तरी काय? फोनच्या बोर्डावर तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम. बॅटरीत लिथियम, बहुतेक वेळा कोबाल्ट. खाणीतून एक टन दगड काढला तर त्यात सोनं निघतं काही ग्रॅम. एक टन जुन्या फोनांत ते शंभर ग्रॅमच्या कितीतरी पुढे जातं. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून जुनी उपकरणं गोळा केली, जवळजवळ ७९ हजार टन, त्यात ६२ लाखांवर मोबाइल फोन. त्यांतून निघालेल्या धातूंतून सुमारे ५,००० पदकं घडली, सोनंच ३२ किलो निघालं. लोक द्यायला तयार असतात. जवळच्या टपाल कचेरीत, दुकानात पेटी ठेवली की देतात.

मात्र हे सोनं काढतं कोण आणि कसं, तिथे सगळं अडतं. झटपट रीत अशी की बोर्ड आम्लाच्या टबात बुडवायचा आणि केबली उघड्यावर पेटवून तांबं मोकळं करायचं. केबलीवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिन हे विष निघतं, आम्ल वापरून झालं की जमिनीत मुरतं. घानातलं अ‍ॅग्बोग्ब्लोशी आणि चीनमधलं ग्वेयू ही दोन गावं-वस्त्या वर्षानुवर्षं याच कामासाठी जगाला माहीत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या विषयावर जो अहवाल काढला, त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हे काम मुलांना दिलं जातं, कारण त्यांची बोटं लहान असतात आणि बारीक भाग चटकन सुटे करतात. माझ्या ट्रिमरमधला इवलासा स्क्रू मला चष्मा लावूनही निघाला नव्हता.

नीट रीतही आहे. वस्तू आधी हाताने सुटी करायची, बॅटरी वेगळी, बोर्ड वेगळा. बाकीचा भुगा करून लोहचुंबकाने लोखंड ओढायचं, मग अ‍ॅल्युमिनियम निवडायचं. बोर्ड तांब्याच्या भट्टीत जातात. वितळलेलं तांबं सोनं-चांदी-पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं. पुढे विजेच्या साहाय्याने ते तांबं शुद्ध करताना हे मौल्यवान धातू तळाच्या गाळात उतरतात आणि तिथून वेगळे काढता येतात. धूर गाळण्यांतून जातो. पण अशी भट्टी चालवायची तर तिला बोर्डांचा सतत आणि भरपूर पुरवठा लागतो. माझा एक फोन तिच्या दृष्टीने शून्य. लाखो घरांतले लाखो फोन एका ठिकाणी आले तर तो माल होतो. आणि लाखो घरांना एका गोदामाशी जोडणं हाच तर तुमचा धंदा आहे! दुसऱ्या कुणाला हे जाळं उभारायचं म्हटलं तर जन्म जाईल.

कायद्याचं म्हणाल, तर तुमच्यातले कित्येकजण एका देशात जे करतात ते शेजारच्या देशात ‘अशक्य’ म्हणून सांगतात. युरोपीय संघाने २००२ साली पहिला ई-कचरा निर्देश काढला तेव्हापासून तत्त्व साधं आहे. नवी वस्तू विकणाऱ्याने त्याच प्रकारची जुनी वस्तू फुकट परत घ्यायची. २०१२च्या सुधारित निर्देशाने त्यात भर घातली की उपकरणं विकणारं दुकान ४०० चौरस मीटरचं किंवा त्याहून मोठं असेल, तर २५ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू काहीही खरेदी न करतासुद्धा परत घ्याव्या लागतील. ऑनलाइनवाल्याचं दुकान मोजायचं कसं? जर्मनीने त्यावर साधी तोड काढली. दुकान नसेल तर तुमच्या गोदामाची आणि माल रवाना करण्याची जागा मोजू. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांसारखी मोठी वस्तू पोचवायला आलात की तिथेच जुनी उचला. लहान वस्तूंसाठी ग्राहकाला झेपेल एवढ्या अंतरावर जागा ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये तर १९९८च्या अध्यादेशापासून विक्रेता ज्या प्रकारची उपकरणं विकतो, त्या प्रकारची जुनी उपकरणं त्याला परत घ्यावीच लागतात.

तर कायदा येईपर्यंत थांबू नका, हे माझं पहिलं मागणं. तो येईल तेव्हा येईल आणि त्यात पळवाटाही असतील.

“आम्ही तर नुसता बाजार भरवतो, माल दुसऱ्याचा असतो,” हे तुमचं आवडतं उत्तर मला ठाऊक आहे. कमिशन घेताना, जाहिरात दाखवताना, परतीचे बूट उचलताना तो बाजार तुमचा असतो. वस्तू मेली की ती कुणा दूरदेशीच्या, नावसुद्धा वाचता न येणाऱ्या विक्रेत्याची होते. असा विक्रेता कचऱ्याच्या व्यवस्थेत एक पैसाही भरत नाही आणि जो उत्पादक प्रामाणिकपणे भरतो त्याच्यापेक्षा स्वस्त विकतो. फ्रान्सने २०२२पासून आणि जर्मनीने जुलै २०२३पासून ही जबाबदारी बाजार भरवणाऱ्यावरच टाकली. विक्रेत्याची नोंदणी तपासा, ती नसेल तर त्याचा माल दाखवू नका. हे तुम्ही तिथे करता. म्हणजे येतं तुम्हाला.

खर्चाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. लॅपटॉपच्या बोर्डातून पैसा सुटतो, पण इअरबड्सच्या जोडीतून सुटत नाही. तिच्यातली शेंगदाण्याएवढी बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि ती काढायची मजुरी आतल्या धातूपेक्षा महाग पडते. मग हा खर्च किमतीतच धरायला हवा. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट या संशोधकाने १९९० साली हाच विचार मांडला होता की वस्तूच्या शेवटाचा खर्च ती बनवणाऱ्याच्या गळ्यात बांधा, म्हणजे तो ती बनवतानाच शहाणपणा करेल. बॅटरी गोंदाने चिकटवायची की स्क्रूने बसवायची, हे त्याला मग आपोआप सुचतं. (युरोपात फेब्रुवारी २०२७पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. हे आधी का नाही सुचलं, देव जाणे.) मला विचाराल तर लहान वस्तूवर थोडी अनामत घ्या. बिलात वेगळी दाखवा. मेलेली वस्तू परत आली की ती माझ्या खात्यात जमा करा. काचेच्या बाटल्यांना जे जमलं ते इअरबड्सना का जमू नये?

दुसरी खरी अडचण बॅटरीची, आणि तिच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण ‘टाका सगळं एका खोक्यात’ असं म्हणणारे लोक पाहिले की मला धडकी भरते. दाबली गेलेली, टोचलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी आतल्या आत तापत जाते आणि एकदा पेटली की स्वतःच स्वतःला पेटवत राहते. कचऱ्याच्या गाड्यांत आणि कचरा निवडण्याच्या केंद्रांत ज्या आगी लागतात त्यांत या बॅटऱ्यांचा हात मोठा. टाकाऊ बॅटऱ्या विमानाने पाठवायला म्हणूनच मनाई आहे, संबंधित सरकारांनी खास परवानगी दिली तरच. म्हणजे तुमच्या नेहमीच्या पार्सलांच्या ढिगात जुना फोन फेकून चालणार नाही. जाणं-येणं रस्त्यानेच. गाडीत त्यासाठी आग धरून ठेवणारी, झाकणाची वेगळी पेटी. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी. आणि ‘बॅटरी फुगली आहे का?’ हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत सगळ्यात वर, ‘कॅमेरा चालतो का?’च्या कितीतरी आधी. ‘हो’ म्हटलं तर साधा मुलगा पाठवू नका. शिकलेला माणूस आणि वेगळा डबा पाठवा.

त्या मुलाबद्दलही एक सांगतो. दिवसाला किती दारं व्हायला हवीत, याचा धोशा त्याच्या मागे असतो. जुनं घ्यायचं काम त्याच मिनिटांत कोंबलंत तर तो दारातच म्हणेल, “काका, आज नाही, उद्या.” आणि उद्या येणार नाही. प्रत्येक उचललेल्या जुन्या वस्तूचे त्याला वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, वेळ वेगळा मोजला गेला पाहिजे.

आता ती यादी, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं. मी काय घेतलं, कधी घेतलं, त्याची हमी कधी संपली, हे तुम्हाला पाठ आहे. हमी संपण्याच्या सुमाराला तुमचा निरोप येतो, ‘नवं मॉडेल आलंय!’ त्याच वेळी एकदा विचारून बघा की जुनं चालतंय का. यादीतल्या प्रत्येक उपकरणासमोर ‘पुन्हा मागवा’ असं बटण आहे. त्याच्या शेजारी ‘बंद पडलं’ असं एक ठेवा. ते दाबलं की पहिला पर्याय दुरुस्तीचा यावा. बॅटरी बदलून मिळेल का, सुटा भाग तुमच्याकडे आहे का? माझ्या दोनांतला एक फोन नुसती बॅटरी बदलली असती तर चालला असता. बॅटरी मिळाली नाही. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर मग बूट नेता तसं न्या. पुढच्या वेळी काही द्यायला याल तेव्हा नेलंत तरी चालेल, खास फेरी मारायची गरज नाही.

नेल्यावर काय झालं, तेही कळवा. पार्सल कोणत्या गोदामातून कोणत्या गाडीत चढलं हे मला तुम्ही मिनिटामिनिटाला सांगता, मी न विचारतासुद्धा. परतीच्या वाटेवरही तसंच सांगा. अमुक किलो वजन, अमुक परवानाधारक पुनर्चक्रीकरण केंद्रात, अमुक तारखेला. हा माग नसेल तर माझा फोन फिरून त्याच आम्लाच्या टबात जाणार नाही याची खात्री काय?

फोन आणि टॅब्लेट लोक देत नाहीत याला आणखी एक कारण आहे, आणि ते मोठं आहे. त्यात फोटो असतात, संदेश असतात, बँकेची ॲपं असतात. चालू फोन पुसून देता येतो. बंद फोन कसा पुसणार? त्याची स्मृती आतल्या चिपमध्ये शाबूत असते आणि नवी स्क्रीन जोडली की उघडूही शकते. माझ्या टॅब्लेटचं असंच झालं आहे. त्यात वडिलांचे शेवटच्या वर्षातले आवाज आहेत. ते काढून घ्यायचे आहेत की कायमचे पुसायचे आहेत, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण ठरवेन तेव्हा कुणाच्या हातात देतोय हे मला कळायला हवं. चिप नष्ट केल्याचा लेखी दाखला, त्यावर उपकरणाचा क्रमांक, एवढं तुम्ही देऊ शकता. मोठ्या कार्यालयांचे जुने संगणक घेणाऱ्या संस्था असे दाखले नेहमी देतात. घरगुती ग्राहकालाही द्या.

माझ्या बाजूचं काम मी करून ठेवलं आहे. तुमच्याच एका पार्सलचं रिकामं खोकं घेतलं. टॅब्लेट आणि एक फोन बाजूला ठेवून बारा वस्तू त्यात भरल्या. पॉवर बँक वेगळी गुंडाळली, तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. झाकणावर यादी लिहिली, प्रत्येकीपुढे तुमचा ऑर्डर क्रमांक, म्हणजे तुमच्या यंत्राला ओळख पटायला अडचण नको. खोकं दाराशेजारी चपलांच्या फळीखाली आहे. परवा माझी पुढची ऑर्डर येणार आहे, त्या मुलाला मी पुन्हा विचारणार आहे.

आपला,
एक जुना ग्राहक

ता. क. : बाजूला ठेवलेला फोन खोक्यात मुद्दामच घातलेला नाही. त्याची बॅटरी इतकी फुगली आहे की पाठीमागचं झाकण उचललं गेलंय. तो बाल्कनीत वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला हे आधी सांगून पाठवा.